देवनागरी मुद्राक्षरकला

देवनागरी मुद्राक्षरकला : देवनागरी लिपीतील वर्ण, स्वरचिन्हे, जोडाक्षरे व अंक यांची छपाईस योग्य अशी वळणे ठरविण्याची आणि त्यांचे पंच, मातृका, खिळे, छायाचित्रित पट्ट्या किंवा संगणकीय संच सिद्ध करण्याची कला. हस्तलेखनकला, धातुकाम, यंत्रविद्या आणि अलीकडे संगणकविद्या या सर्वांशी तिचा संबंध येतो. वाचकाला पुस्तकातील मजकूर दिसतो, अक्षर सहसा दिसत नाही. त्यामुळे या कलेचा इतिहास मुद्रणाच्या सर्वसाधारण इतिहासात [→ मुद्रण] बहुधा दोन-चार वाक्यांत आटोपला जातो. वस्तुतः मराठी माणसाच्या डोळ्यांना आज जे अक्षर ‘आपले’ वाटते, ते गेल्या दोन शतकांत मुंबईच्या ओतशाळांमधून घडत आलेले आहे.

बोरूचे अक्षर : छापील देवनागरीचा मूळ साचा बोरूने लिहिलेल्या पोथीतील अक्षर हा होय. बोरूचे टोक तिरके तासले जाते. या तिरक्या छेदाला ‘कत’ म्हणतात आणि अक्षरातील जाड-बारीक भाग या कतीवरूनच ठरतात. देवनागरीची कत रोमन लिपीच्या पिसाच्या लेखणीतील कतीच्या उलट दिशेची असते. परिणामी वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरणारा फटकारा जाड उमटतो आणि त्याच्या आडवा जाणारा फटकारा बारीक उमटतो. रोमन अक्षरात नेमके याच्या विरुद्ध घडते. रोमन अक्षराचा हात बसलेल्या कारागिराने देवनागरी अक्षर खोदावयास घेतले, की जाड-बारीक उलटे पडण्याचा संभव असतो, तो यामुळेच. अशा अक्षराचा आकार बरोबर असूनही ते परके भासते. मात्र त्याचे कारण सामान्य वाचकाला सांगता येत नाही.

सुलेखनाविषयीची आस्था महाराष्ट्रात जुनी आहे. रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेसाठी राखलेला आहे. त्यात अक्षराचे वाटोळेपण व सरळपणा, ओळींमधील व पानाच्या कडेचे अंतर, बोरू, शाई आणि कागद यांची निगा अशा गोष्टींचा विचार आढळतो. आजच्या ग्रंथसजावटकाराला यांपैकी बहुतेक विषय ओळखीचे वाटतील. मात्र व्यवहारातील लेखन मोडीत आणि ग्रंथलेखन बाळबोधीत अशी मराठीची वाटणी होती [→ मोडी लिपी]. छपाईसाठी यांपैकी कोणती लिपी निवडावी, हा प्रश्न आरंभी खुला होता, हे आज सहसा ध्यानात येत नाही.

आरंभीचे प्रयत्न : भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला. पण तेथील जेझुइटांना मराठी व कोकणी ग्रंथांसाठी देवनागरी खिळे पाडणे साधले नाही. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. मराठी भाषेतील एका थोर काव्यग्रंथाला स्वतःच्या लिपीवाचून छापले जावे लागले, याचे मुख्य कारण खिळ्यांची संख्या हे होते. रोमन लिपीला लागणारी मोजकी अक्षरे एका बाजूस आणि प्रत्येक व्यंजनाला चिकटणारे काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार व शेकडो जोडाक्षरे दुसऱ्या बाजूस, अशी ही विषम तुलना होती. पुढील साडेतीन शतके देवनागरी मुद्राक्षरकलेला याच गणिताशी झगडावे लागले.

यूरोपात देवनागरी अक्षरे प्रथम दिसली ती खिळ्यांच्या रूपाने नव्हे, तर ताम्रपटावर कोरलेल्या चित्रांच्या रूपाने. आथानासिउस किर्खर यांच्या १६६७ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झालेल्या चीनविषयक ग्रंथात देवनागरी वर्णमालेचे तक्ते आहेत. त्यानंतर ॲम्स्टरडॅम येथेच १६७८ पासून छापल्या गेलेल्या हॉर्टस मलबारिकस या वनस्पतिकोशाच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र देवनागरी लिपीत कोरून छापले आहे. कोकणी भाषेच्या अभ्यासकांना या पानाचे मोल विशेष वाटते. मुद्राक्षरांच्या दृष्टीने पाहता ते हस्ताक्षराचे चित्र होय. सुटे देवनागरी खिळे वापरून छापलेला ग्रंथ त्यानंतर जवळजवळ एका शतकाने, १७७१ मध्ये, रोम येथील धर्मप्रचार संस्थेच्या छापखान्यातून बाहेर पडला.

भारतात या कामाला वेग आला तो बंगालमध्ये. चार्ल्स विल्किन्स यांनी पंचानन कर्मकार या लोहारकाम जाणणाऱ्या कारागिराच्या साह्याने हुगळी येथे बंगाली खिळे पाडले आणि १७७८ मध्ये त्यांतून हॅलहेड यांचे बंगाली व्याकरण छापले गेले. विल्किन्स यांनी पुढे इंग्लंडमध्ये स्वतःच्या हाताने देवनागरी पंच कोरले. मध्यंतरी घराला आग लागून खिळे नष्ट झाले, पण बरेचसे पंच व मातृका वाचल्या. त्यांवरून १८०८ मध्ये त्यांचे संस्कृत व्याकरण छापले गेले. त्या अक्षरांना चांगल्या पोथीचे वळण आहे. एका हौशी विद्वानाने कोरलेली ती अक्षरे त्यानंतरच्या कित्येक धंदेवाईक अक्षरांपेक्षा सरस ठरतात, असे म्हणावयास हरकत नाही.

पंचानन आणि त्याचा जावई मनोहर यांनी पुढे श्रीरामपूर (बंगाल) येथील मिशनच्या छापखान्यासाठी अनेक भारतीय लिप्यांचे खिळे तयार केले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये तेथेच छापले गेले, ते देवनागरीत. पण १८१० मध्ये त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या मराठी कोशातील मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत. पाच वर्षांच्या अंतराने एकाच लेखकाने एकाच भाषेसाठी दोन लिप्या वापरल्या, यावरून त्या काळची अनिश्चितता स्पष्ट होते. मोडीचे अक्षर हात न उचलता धावत लिहिण्यासाठी घडलेले. सुट्या खिळ्यांत ते तुटते आणि त्याचा वेग व डौल दोन्ही हरवतात. मोडी छपाईत मागे पडली याला शालेय शिक्षण व राज्यकर्त्यांचे धोरण ही कारणे होतीच. पण धातूच्या खिळ्याला तिची प्रकृती मानवली नाही, हेही एक कारण मानावे लागेल.

महाराष्ट्रात छपाईचा एक वेगळा प्रयत्न पुण्यात झाला होता. नाना फडणीस यांनी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या सहवासातून स्फूर्ती घेऊन भगवद्गीता छापण्यासाठी एका तांबटाकडून तांब्याचे पत्रे कोरवून घेण्यास आरंभ केला. नानांच्या पश्चात हे काम थांबले. पुढे मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने गीता ताम्रपटांवर कोरली जाऊन १८०५ (शके १७२७) मध्ये छापली गेली. येथे खिळे नव्हते, संपूर्ण पान एकसंध कोरलेले होते. पोथीचे रूप जसेच्या तसे राखण्याचा हा मार्ग पुढे शिळाछापाने अधिक स्वस्तात उपलब्ध करून दिला.

शिळाछाप आणि गणपत कृष्णाजी : मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ मध्ये मराठी पुस्तिका छापण्यास सुरुवात केली, त्यासाठी लागणारे देवनागरी खिळे कलकत्त्याहून आणले होते. १८२२ मध्ये पंचोपाख्यान हे पुस्तक मुंबईच्या कुरिअर छापखान्यात छापले गेले. आरंभीच्या या खिळ्यांची अक्षरे मोठी, बोजड व एकमेकांपासून फटकून उभी राहिलेली दिसतात. पोथीतील सलग शिरोरेषेला सरावलेल्या वाचकाला, जागोजागी तुटलेल्या शिरोरेषेची ओळ कष्टाची वाटली असल्यास नवल नाही.

शिळाछापात ही अडचण नव्हती. विशिष्ट शाईने कागदावर लिहावे, तो दगडावर उलटा उतरवून घ्यावा आणि त्यावरून प्रती काढाव्यात, अशी ती रीत. लेखकाचे हस्ताक्षर, चित्र, कुंडली, कोष्टक सारे एकाच दगडावर उमटत असे. भंडारी समाजातील गणपत कृष्णाजी यांनी मिशनच्या छापखान्यातील काम पाहून, स्वतः खटपट करून शिळाछापाची सामग्री जमविली आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढले. हिंदू धर्मग्रंथ छापण्याच्या कामी त्यांना लोकांच्या शंकांना तोंड द्यावे लागले. छपाईच्या शाईत जनावराची चरबी असते, म्हणून छापील कागदाला शिवण्यास अनेकजण राजी नसत. त्यावर गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप वापरून शाई तयार केली. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या वर्णनात या कर्तबगार पुरुषाचा गौरवाने उल्लेख केला आहे. मुद्रितात काय छापले आहे याइतकेच ते कशाने छापले आहे हेही वाचकाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. पुढे सु. १८४० मध्ये त्यांनी खिळेही पाडले. त्यांच्या छापखान्यातील पोथ्यांची मांडणी, म्हणजे आडवे लांबट पान, चौफेर दुहेरी रेघ, मधोमध मोठ्या अक्षरातील मूळ व वर-खाली लहान अक्षरातील टीका ही हस्तलिखिताचीच होती. शिळाछाप आणि खिळ्यांची छपाई ही दोन्ही साधने मराठीत कित्येक दशके बरोबरीने चालली. साधन बदलले तरी डोळ्यांची सवय लवकर बदलत नाही.

ग्रॅहम आणि ‘डिग्री’ पद्धती : मुंबईच्या देवनागरी अक्षराला स्थिर रूप देण्याचे श्रेय अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झालेले कारागीर टॉमस ग्रॅहम यांच्याकडे जाते. त्यांनी पूर्वीच्या खिळ्यांपेक्षा लहान, रेखीव व एकसारख्या जाडीची अक्षरे कोरली. एका खिळ्याच्या निर्मितीत प्रथम मऊ केलेल्या पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरून पंच तयार करीत. अक्षराच्या आतील पोकळ्या, उदा., ‘व’चे पोट, निराळ्या ठोशाने खोल केल्या जात, बाहेरची कड कानशीने उतरवीत, मधूनमधून दांडा दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर ठसा उमटवून पाहत. मनासारखा ठसा आला, की पोलादाला पाणी देऊन पंच तांब्याच्या तुकड्यात ठोकीत. अशा रीतीने मिळालेल्या मातृकेत शिसे, अँटिमनी व कथिल यांचा रस ओतून खिळे पाडीत. लहान अक्षरातील एका गाठीची जाडी केसभर चुकली तरी सबंध पानावर ठिपके पडल्यासारखे दिसते. असे शेकडो पंच एकाच हाताचे वाटावेत इतक्या सारखेपणाने कोरणारे कारागीर बहुतांशी अनामच राहिले.

देवनागरी खिळ्यांची जुळणी दोन पद्धतींनी होत असे. ‘अखंड’ पद्धतीत अक्षराची पूर्ण उंची एकाच खिळ्यावर असे आणि वर-खाली येणारी चिन्हे खिळ्याच्या धडाबाहेर झुकलेली असत किंवा अक्षरासह ओतलेली असत. ‘डिग्री’ पद्धतीत मूळ अक्षर लहान धडावर ओतीत आणि मात्रा, अनुस्वार, रफार यांची वरची ओळ व उकारांची खालची ओळ वेगळ्या बारीक खिळ्यांनी जुळवीत. म्हणजे वाचकाला दिसणारी एक ओळ खिळेजुळाऱ्याला तीन थरांत बांधावी लागे. ही दुसरी पद्धती ग्रॅहम यांच्या नावाशी निगडित आहे. तिच्यामुळे संचातील खिळ्यांची संख्या कमी झाली, पण जुळणीचे श्रम वाढले. अखंड पद्धतीत अक्षरांचा मेळ चांगला बसे, मात्र झुकलेले अवयव दाबाखाली मोडत. जुन्या मराठी पुस्तकांत अनुस्वार उडालेला किंवा वेलांटीचे शेंडे तुटलेले दिसतात, त्याचा दोष मुद्रितशोधकावर टाकण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

निर्णयसागर : ग्रॅहम यांच्या परंपरेचा परमोत्कर्ष जावजी दादाजी चौधरी (१८३९–९२) यांच्या निर्णयसागर छापखान्यात झाला. जावजी लहान वयातच मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. शालेय शिक्षण बेताचे, पण अक्षराची पारख पक्की. अन्य छापखान्यांत अनुभव घेऊन त्यांनी १८६४ मध्ये स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. पंच कोरण्याचे काम राणोजी रावजी आरू यांचे. जावजींची दृष्टी आणि राणोजींचा हात यांच्या संयोगातून निघालेले खिळे पुढे देशभरातील छापखान्यांत गेले. १८८६ मध्ये सुरू झालेल्या काव्यमाला या मालेतून संस्कृत काव्य-नाटकांच्या ज्या आवृत्त्या निघाल्या, त्या भारतात व भारताबाहेर प्रमाणभूत म्हणून वापरल्या गेल्या. काळबादेवीजवळच्या कोलभाट गल्लीतील हे अक्षर अशा रीतीने संस्कृत वाचणाऱ्या जगाच्या परिचयाचे झाले.

या अक्षराची वैशिष्ट्ये थोडक्यात सांगता येतात : शिरोरेषा फार जाड नाही; काना भक्कम; गोलाई भरीव; गाठी मोकळ्या; जोडाक्षरे पोथीप्रमाणे एकाखाली एक बांधलेली. अगदी बारीक टीपेतही ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होत नाही. हे सहजासहजी घडत नाही. मोठ्या आकाराचा पंच लहान करून भागत नाही. लहान अक्षरासाठी पोकळ्या प्रमाणाबाहेर मोठ्या व जोड हलके ठेवावे लागतात, आणि प्रत्येक आकारासाठी पंच नव्याने कोरावे लागतात. पुढे छायाजुळणीच्या व संगणकाच्या युगात एकच रेखाटन सर्व आकारांना वापरण्याची सोय झाली आणि ही जाण बरीचशी लोपली.

मुंबईच्या खिळ्यांतील ‘अ’, ‘झ’, ‘ण’ ही वळणे उत्तरेकडील खिळ्यांहून निराळी होती. कलकत्त्याच्या व उत्तर भारतातील छापखान्यांत या वर्णांची जुनी वळणे दीर्घकाळ चालू राहिली. विसाव्या शतकात प्रमाण देवनागरीचा विचार झाला, तेव्हा ही तीन अक्षरे मुंबईच्या वळणाचीच स्वीकारली गेली. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वाट्याला मात्र उलट नशीब आले; त्याचा विचार पुढे केला आहे.

यंत्र आणि लिपिसुधारणा : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत यंत्रजुळणी सुरू झाली आणि देवनागरीतील खिळ्यांचे जुने गणित नव्या स्वरूपात उभे राहिले. लायनोटाइपच्या कळफलकावर ९० कळा असतात. मोनोटाइपच्या मातृकाचौकटीत १५ × १५ म्हणजे २२५ मातृका बसतात. पुढे ही संख्या २५५ व २७२ पर्यंत वाढविण्यात आली. रोमन लिपीची सरळ, तिरपी व ठळक वळणे एकत्र घेऊनही या चौकटीत सुखाने मावतात. देवनागरीचे एकच वळण तिच्यात कसेबसे मावे, आणि दुर्मीळ जोडाक्षरे हाताने घालावी लागत. शिवाय लायनोटाइपमध्ये एका अक्षराचा अवयव दुसऱ्याच्या हद्दीत झुकू शकत नाही. वेलांटीचा डोक्यावरचा वळसा तेथे आखूड करावा लागला आणि ‘कि’, ‘थि’, ‘मि’ या निरनिराळ्या रुंदीच्या अक्षरांवर एकाच मापाची छत्री आली. न्यूयॉर्क येथे हरी गोविल यांच्या प्रयत्नाने १९३३ मध्ये लायनोटाइपची देवनागरी योजना साकार झाली, ती अशा तडजोडी करूनच. टंकलेखन यंत्राने तर ४६ कळांच्या मर्यादेत याहून कठोर काटछाट केली.

यंत्र लिपीसाठी बदलावे की लिपी यंत्रासाठी, हा वाद महाराष्ट्रात हिरिरीने खेळला गेला. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छपाईच्या निमित्ताने खिळ्यांची संख्या घटविण्याचा विचार केला होता. रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात वि. दा. सावरकर यांनी ‘अ’ला स्वरचिन्हे लावून अि, अी, अु, अू, अे अशी स्वरमाला सुचविली आणि तिचा नेटाने प्रचार केला. १९३५ मध्ये इंदूर येथील हिंदी साहित्य संमेलनाने लिपिसुधारणेचा विषय हाती घेतला. काका कालेलकर या कामात अग्रभागी होते. नवजीवन संस्थेच्या हिंदी पुस्तकांत ही स्वरमाला वापरली गेली. राजकीय विचारांत एकमेकांपासून फार दूर असलेली ही मंडळी ‘अि’च्या बाबतीत एकत्र आलेली पाहून आजच्या वाचकाला गंमत वाटेल.

१९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या परिषदेने याहून धाडसी शिफारस केली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न लावता उजवीकडे, आखूड काना देऊन लावावी, अशी ती होती. उच्चारक्रमाच्या व यंत्राच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध होते. पण ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील भेद केवळ कान्याच्या लांबीवर आला आणि वाचकांचा गोंधळ उडाला. चारच वर्षांत ही सुधारणा मागे घ्यावी लागली. खिळ्यांचा हिशेब कागदावर सुटला, तरी वाचन हे अक्षरामागून अक्षर जुळविण्याने होत नसून शब्दाच्या एकूण आकृतीवरून होते, हे तत्त्व या प्रसंगी दुर्लक्षिले गेले. १९६६ मध्ये केंद्र शासनाने मानक देवनागरी वर्णमाला निश्चित केली. तीत वेलांटी डावीकडेच राहिली. या साऱ्या चळवळीचा आणि मुद्राक्षरांच्या तांत्रिक अंगांचा सर्वांत विस्तृत आढावा बापूराव नाईक यांच्या त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथात मिळतो. तो महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ मध्ये भारतातील छापखान्यांचा इतिहास लिहून या विषयाचा पाया घातला होता.

रंगविलेले अक्षर : खिळ्यांच्या जगाबरोबरच हाताने रंगविलेल्या अक्षरांचे एक जग मुंबईत नांदत होते. नाटकांच्या जाहिराती, चित्रपटांची भित्तिपत्रके, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे व औषधांची वेष्टने यांना मोठी, ठसठशीत व विषयाला साजेशी अक्षरे हवी असत. ओतशाळेत तशी अक्षरे मिळत नसत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये स्वतंत्र उपयोजित कलासंस्था निघाली. व्ही. एन. आडारकर यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा आहे. येथे विद्यार्थी चपट्या कुंचल्याने व तासलेल्या बोरूने अक्षरे गिरवीत आणि रेषणी, वक्रपट्टी व पांढरा पोस्टर रंग घेऊन तीच अक्षरे छपाईसाठी घोटून काढीत.

दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) या दोघा गोमंतकीय चित्रकारांनी मराठी पुस्तकांचा व नियतकालिकांचा चेहरामोहरा घडविला. दलालांच्या मुखपृष्ठांवर अक्षर हा चित्राचाच एक घटक असतो. नंतर चिकटविलेला वाटत नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी हे काम वृत्तपत्रातील नाट्यजाहिरातीपर्यंत नेले. काही इंच जागेत, केवळ काळ्या-पांढऱ्या रंगात, नाटकाचे नावच त्याचे बोधचिन्ह व्हावे, अशी त्यांची रीत होती. शोकात्मिकेचे अक्षर वेगळे, फार्सचे वेगळे. नाटक पाहिलेले नसूनही त्याच्या नावाचे अक्षर आठवते, असा अनुभव सांगणारे अनेक मराठी वाचक भेटतात. ही अक्षरे संच म्हणून कधीच ओतली गेली नाहीत. प्रत्येक शीर्षक त्या त्या नाटकापुरते जन्मास आले आणि वृत्तपत्राच्या कागदाबरोबर पिवळे पडले.

छायाजुळणी व संगणक : १९७० नंतरच्या दशकात छायाजुळणी आणि ऑफसेट छपाई यांचा प्रसार होऊ लागला तेव्हा धातूचे बंधन सुटले. लायनोटाइप कंपनीसाठी मॅथ्यू कार्टर यांनी देवनागरीचे नवे वळण रेखाटले. पुण्यात ल. श्री. वाकणकर (१९१२–९९) व मुकुंद गोखले यांनी मुद्राक्षर संशोधनासाठी संस्था उभारून नवी वळणे आखली. गणेशविद्या या १९६८ च्या पुस्तकात वाकणकरांनी भारतीय लिपीची उपपत्ती ध्वनिशास्त्राशी जोडून मांडली आहे. तिची सर्व अनुमाने स्वीकारण्याजोगी नसली, तरी तिने अनेक तरुण चित्रकारांना अक्षराकडे वळविले. बदलाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. छापखाने ऑफसेटकडे वळताच धातूच्या खिळ्यांचा उपयोग संपला आणि टनावारी खिळे वितळवून शिशाच्या भावाने विकले गेले. पंच व मातृका यांचे जतन संग्रहालयाच्या दृष्टीने व्हावयास हवे होते. तसे झालेले नाही.

संगणकावरील देवनागरीच्या जडणघडणीत रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचे स्थान अग्रगण्य आहे. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातील कलासंचालक आणि नंतर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या अभिकल्प केंद्रातील अध्यापक अशा नात्यांनी त्यांनी काम केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० बरोबर जगभर गेला. दरम्यान १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे राष्ट्रीय मानक निश्चित झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला जागा मिळाली. या संकेतनात अक्षराचा आकार साठविला जात नाही, तर वर्णांचा क्रम साठविला जातो. जोडाक्षराचे रूप ठरविणे हे फाँटमधील नियमांचे काम असते. जे गणित १५५६ पासून खिळ्यांच्या खणांत सुटत नव्हते, ते येथे सुटले. सावरकरांची ‘अि’ आणि लखनौची वेलांटी यांची आता यंत्राला गरज उरली नाही.

मराठीच्या दृष्टीने मात्र एक नवा प्रश्न उद्भवला. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे उत्तरेकडील वळणांहून भिन्न आहेत : मराठी ‘ल’ पाकळीयुक्त, तर ‘श’ देठयुक्त. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना संकेत एकच. म्हणून फाँट करणाऱ्याने जे वळण निवडले असेल, तेच वाचकापुढे येते. आणि हिंदीचा वाचकवर्ग मोठा असल्यामुळे ते बहुधा उत्तरेकडील असते. मंगलमधील मूळ ‘ल’ व ‘श’ही त्याच वळणाचे होते. असेच संकट मराठीतील चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’वर आले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा आणि ‘आचाऱ्यास’ दिलेली मजुरी यांतही असाच भेद आहे. रफाराने हे अर्थ वेगळे दाखविता येत नाहीत. सुरुवातीच्या अनेक संगणकीय संचांत हा अर्धा ‘र’ नव्हताच, किंवा कळफलकावर कोठे सापडेल हे टंकलेखकाला माहीत नसे. युनिकोडमध्ये त्याची सोय ‘ऱ’ या वर्णाला हलन्त जोडून करण्यात आली.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठीसाठी वापरावयाची देवनागरी वर्णमाला निश्चित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ रोजी तिची सुधारित आवृत्ती प्रसृत केली. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे वापरण्याचा आग्रह त्यांत आहे. शासकीय निर्णयाने अक्षराचे वळण ठरविता येते. परंतु ते वळण असलेले पुरेसे व सुबक फाँट उपलब्ध नसतील, तर निर्णयाची प्रतच उत्तरेकडील ‘ल’मध्ये छापली जाण्याचा प्रसंग येतो. या दृष्टीने मुंबईतील तरुण मुद्राक्षरकारांचे काम आशादायक आहे. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एक टाइप’ या समूहाचे ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ हे संच मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची गती देवनागरी सुलेखनात आणली. मोडीचे संकेतनही युनिकोडमध्ये २०१४ पासून झाले असून, जी लिपी खिळ्याला मानवली नाही तिच्यासाठी जोडून धावणारी संगणकीय अक्षरे करण्याचे प्रयत्न सुरू आहेत.